अपूर्ण सिम्फनी ऐकताना: किती अपूर्ण, कुठे अपूर्ण आणि रेकॉर्डिंगवर नेमकं कुणाचं काय?

मंद्रसप्तक
शूबर्टची बी मायनर पट्टीतली सिम्फनी (सिम्फनी म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची, सहसा चार भागांची मोठी रचना), ब्रुकनरची नववी, माहलरची दहावी. तिन्हींवर 'अपूर्ण' असा एकच शिक्का बसलाय, आणि त्यामुळे तिन्ही एकाच तऱ्हेने ऐकल्या जातात. प्रत्यक्षात तिघांनी मागे ठेवलेले कागद अगदी वेगवेगळ्या अवस्थेत आहेत.

शूबर्टने ऑक्टोबर १८२२ मध्ये काम सुरू केलं. दोन भाग वाद्यवृंदासाठी पूर्ण लिहिले. तिसऱ्या भागाचा (स्केर्त्झो, म्हणजे चपळ चालीचा भाग) पियानोवरचा खर्डा जवळजवळ पूर्ण आहे, त्यातले पहिले वीसेक बार (बार म्हणजे स्वरलिपीतलं तालाचं एक माप) वाद्यवृंदासाठी उतरवायला घेतले, पुढे काही नाही. चौथ्या भागाचा म्हणता येईल असा एकही कागद नाही. यानंतर तो सहा वर्षं जगला, आणि या काळात त्याने सी मेजर ही मोठी सिम्फनी पूर्ण केली. म्हणजे मृत्यूने हातातून लेखणी काढून घेतली वगैरे जे आल्बमच्या मागे छापलेलं असतं, ते शूबर्टच्या बाबतीत खरं नाही. त्याने काम सोडलं.

ब्रुकनरच्या नववीचे तीन भाग पूर्ण आहेत. तिसरा, म्हणजे अडाजिओ (संथ भाग), ३० नोव्हेंबर १८९४ ला संपला. चौथ्या भागावर तो ११ ऑक्टोबर १८९६ ला, म्हणजे मृत्यूच्या दिवशीपर्यंत काम करत होता. यात बरेचसे बार पूर्ण स्कोअरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या लिखित प्रतीत) आहेत, काही फक्त तंतुवाद्यांपुरते, मधली पानं गहाळ आणि शेवटचा कोडा (समारोपाचा तुकडा) फक्त खर्ड्यांत.

माहलरचं प्रकरण याच्या अगदी उलटं. १९१० च्या उन्हाळ्यात टोब्लाखला त्याने पाचही भाग पहिल्या बारापासून शेवटच्या बारापर्यंत सलग लिहून काढले. कुठेही भोक नाही. राहिली ती वाद्ययोजना. अडाजिओ आणि पहिला स्केर्त्झो पूर्ण स्कोअरच्या मसुद्यात आहेत, तिसऱ्या भागाचे सुरुवातीचे तीसेक बारच, आणि बाकी सगळं चार ओळींच्या खर्ड्यात. १८ मे १९११ ला तो गेला.

म्हणून ऐकण्याआधी एकच प्रश्न विचारा: जे उरलंय त्यात काय नाही? शूबर्टमध्ये निम्मी रचना नाही. ब्रुकनरमध्ये शेवट नाही. माहलरमध्ये रंग नाही, रेखाटन पूर्ण आहे.

नव_श्रोता
छान धागा. एक प्राथमिक शंका. ॲपवर शूबर्टची ही सिम्फनी कुठे सातवी, कुठे आठवी अशी दिसते. दोन वेगळ्या आहेत का?

पश्चिमरंग
एकच आहे. शूबर्टच्या सिम्फनींचे क्रमांक म्हणजे गोंधळाचं माहेरघर. जुन्या क्रमवारीत ही आठवी आणि मोठी सी मेजर नववी. १९७८ मध्ये डॉइच सूचीची (शूबर्टच्या रचनांच्या क्रमवार यादीची) नवी आवृत्ती निघाली, त्यात ही सातवी आणि सी मेजर आठवी झाली. जर्मन ऑर्केस्ट्रांच्या आल्बमवर बहुधा नवा क्रमांक असतो, इंग्रजी-अमेरिकी आल्बमवर जुना. क्रमांकाने शोधूच नका. रोमन डी अक्षर आणि पुढे ७५९ असं टाकलं की नेमकी हीच येते. मोठी सी मेजर म्हणजे डी ९४४.

सापडल्यावर ट्रॅक मोजा. दोन ट्रॅक आणि एकूण २२ ते २७ मिनिटं म्हणजे शूबर्टने लिहिलं तेवढंच. चार ट्रॅक दिसले तर ती कुणीतरी पूर्ण केलेली आवृत्ती. पाच मिनिटांचा हा फरक मुख्यतः पहिल्या भागातल्या पुनरावृत्तीचा आहे. शूबर्टने सुरुवातीचा खंड पुन्हा वाजवायची खूण केलेली आहे. ती पाळली तर पहिला भाग साधारण १४-१५ मिनिटांचा होतो, गाळली तर ११ च्या आसपास. माझं मत स्पष्ट आहे, पाळलीच पाहिजे. दुसऱ्यांदा ऐकताना तो खंड जास्त अस्वस्थ करतो, आणि त्यानंतर विकास-खंडाची (जिथे आधीच्या धुना मोडून-फिरवून पुढे नेल्या जातात त्या खंडाची) सुरुवात खोल दरीत उतरल्यासारखी लागते.

नव_श्रोता
आणि ब्रुकनर, माहलरचे ट्रॅक?

पश्चिमरंग
ब्रुकनर नववी: तीन ट्रॅक, तासाभराच्या थोडं इकडेतिकडे. चौथा ट्रॅक वीस-पंचवीस मिनिटांचा असेल तर अखेरच्या भागाची पुनर्रचना जोडलेली आहे, आणि ती कुणाची ते आल्बमच्या माहितीत बघा.
माहलर दहावी: एकच ट्रॅक, २५ मिनिटांच्या आसपास, म्हणजे फक्त अडाजिओ. पाच ट्रॅक, सव्वा तास किंवा थोडं जास्त, म्हणजे पूर्ण केलेली आवृत्ती. बहुतेक वेळा ती डेरिक कुक यांची असते, पण कार्पेंटर, व्हीलर, माझेटी, बार्शाय यांच्याही आहेत आणि त्या कानाला बऱ्याच वेगळ्या लागतात.

टिंपनीवाला
ऐकण्याच्या यंत्रणेबद्दल लिहितो, कारण या तिन्ही रचनांचा निम्मा सत्यानाश तिथे होतो.

१. आवाज सुरुवातीवर लावू नका. शूबर्टचे पहिले आठ बार फक्त चेलो आणि डबल बास, तेही पियानिस्सिमो, म्हणजे अगदी हळू. इथे 'ऐकू येत नाही' म्हणून आवाज वाढवला की दोन मिनिटांनी पूर्ण वाद्यवृंद अंगावर येतो आणि मग आवाज कमी-जास्त करत बसावं लागतं. आधी दोन मिनिटांच्या आसपासचा जोरदार तुकडा लावा, तो भरदार पण सोसेल इतका ठेवा, मग मागे जाऊन सुरुवात करा. आता सुरुवात ऐकू येत नसेल तर दोष आवाजाचा नाही, खोलीचा आहे. पंखा बंद करा किंवा कान पूर्ण झाकणारे हेडफोन घ्या. फोनच्या छोट्या स्पीकरवर तर ही सुरुवात अस्तित्वातच नसते, इतके खालचे सूर त्याला काढताच येत नाहीत.

२. ॲपमधली 'सगळ्या गाण्यांचा आवाज समान करा' ही सोय बंद. माहलरचा चार मिनिटांचा पुर्गातोरिओ (दहावीचा तिसरा भाग) आणि २५ मिनिटांचा अडाजिओ एका पातळीवर आणले की रचनेचं प्रमाणच बिघडतं.

३. क्रॉसफेड (एक ट्रॅक विरतानाच पुढचा सुरू करणारी सोय) बंद. हे सगळ्यात महत्त्वाचं. माहलरच्या चौथ्या भागाचा शेवट आणि पाचव्याची सुरुवात दबक्या ढोलाच्या ठोक्याने जोडलेली आहे. क्रॉसफेडमध्ये त्या ठोक्यावर पुढचा ट्रॅक चढतो.

४. ऑटोप्ले बंद. ब्रुकनरचा अडाजिओ विरून जातो आणि पुढच्या क्षणी ॲप कुठला तरी वॉल्ट्झ सुरू करतं. हा अत्याचार आहे.

५. काही ब्लूटूथ स्पीकर फार हळू आवाज आला की झोपी जातात आणि परत जागे होताना पहिले एक-दोन सूर गिळतात. लांब विराम असलेल्या संगीताला तार लावूनच ऐकलेलं बरं.

फाइल फॉरमॅटवरून मात्र डोकं तापवून घेऊ नका. चांगल्या बिटरेटची एमपी३ पुरते. खोलीतली शांतता जास्त कामाची.

हार्बर_लाईन
क्रमांक चार वाचून जोरात हसलो. +१

रागदारी_वेडा
मी खयाल ऐकणारा माणूस. हे म्हणजे विलंबित झालं आणि द्रुत गायलंच नाही, असं समजायचं का? आमच्याकडे नुसत्या विलंबितावर मैफल थांबली तरी राग अपुरा राहिला असं कुणी म्हणत नाही. मग इथे एवढा गहजब का?

मंद्रसप्तक
प्रश्न चांगला आहे, पण तुलना थोडी पुढे जाऊन अडते. खयालात दोन्हींत राग एकच असतो. सिम्फनीत भाग बदलला की साधारणपणे पट्टी बदलते, लय बदलते, आणि शेवटच्या भागावर पहिल्या भागाचा ताण सोडवायची जबाबदारी असते. शूबर्टचा पहिला भाग बी मायनर, दुसरा ई मेजर. रचना बी मायनरमध्ये परत आलीच नाही. त्या काळच्या श्रोत्याला हे उघड्या दारासारखं वाटलं असणार.

म्हणूनच १७ डिसेंबर १८६५ ला व्हिएन्नात योहान हेर्बेकने ही पहिल्यांदा वाजवली तेव्हा दोन भागांवर थांबायचं धाडस केलं नाही. शूबर्टच्याच तिसऱ्या सिम्फनीचा शेवटचा भाग मागे जोडून दिला. डी मेजर, धावता, आनंदी. हे आज स्वतः करून बघता येतं: कार्लोस क्लायबरच्या व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरच्या आल्बमवर नेमक्या तिसरी आणि अपूर्ण याच दोन आहेत. अपूर्णचे दोन ट्रॅक आणि लगेच तिसरीचा शेवटचा ट्रॅक लावा. का जमत नाही ते मिनिटाभरात कळतं.

खुणेचा_दगड
'त्याने काम सोडलं' इतकं ठाम नको. स्केर्त्झोची पियानो-प्रत जवळपास पूर्ण करून वाद्ययोजना सुरू केल्यावर माणूस थांबतो, याला कारण लागतं. १८२२ च्या अखेरीस तो आजारी पडला, ते एक. दुसरं कारण खुद्द संगीतात आहे. पहिला भाग तीन-चतुर्थांश, दुसरा तीन-अष्टमांश, आणि स्केर्त्झो पुन्हा तीन-चतुर्थांश. सलग तिन्ही भाग तीनाच्या मापात. स्केर्त्झोचा खर्डा वाजवलेला ऐकला तर तो आधीच्या दोन भागांच्या उंचीचा नाही, हेही लक्षात येतं. आणि पुढच्याच वर्षी, १८२३ मध्ये, स्कोअर आन्सेल्म ह्यूटनब्रेनरकडे गेला. तो त्याने १८६५ पर्यंत दाबून ठेवला. लेखकाच्या हातात स्कोअरच नव्हता, ही बाजूही धरा.

अर्थात एक तर्क असाही आहे की शेवटचा भाग लिहिला होता आणि तो 'रोझामुंडे' नाटकाच्या संगीतात वळवला. त्यातला बी मायनरमधला मोठा आंतर-अंक हाच तो भाग, असं म्हणणारे त्याची पट्टी आणि तीन ट्रॉम्बोनसह तीच वाद्यसंख्या पुढे करतात. ब्रायन न्यूबोल्ड यांनी स्केर्त्झो पूर्ण करून चौथ्या भागाच्या जागी हाच तुकडा ठेवला. चार्ल्स मॅकेरस यांचं तसं रेकॉर्डिंग आहे. मला तर्क पटतो, परिणाम पटत नाही. नाटकाचं संगीत शेवटी नाटकाचंच वाटतं.

मंद्रसप्तक
स्कोअर हातात नव्हता हे मान्य, पण खर्डे त्याच्याकडेच होते. पुन्हा हात घालावासा वाटला असता तर घातला असता. असो, यावर आपलं एकमत होणार नाही.

शूबर्ट ऐकताना कान कुठे लावायचे ते लिहितो.

पहिला भाग: आठ बारांची ती खालची चाल संपली की व्हायोलिनची सोळाव्या सुरांची थरथर सुरू होते, खाली बासची बोटांनी छेडलेली नाडी, आणि वर ओबो आणि क्लॅरिनेट एकाच सुरात धून घेऊन येतात. दोघांचा मिळून तिसराच रंग होतो, कुठलं वाद्य ते पटकन ओळखू येत नाही. मग जी मेजरमध्ये चेलोंची प्रसिद्ध धून. ती ऐकून लोक खुशीत डोलतात आणि इथेच फसतात, कारण ती पूर्ण होत नाही. वाक्याच्या मधेच तुटते, एक अख्खा बार शांतता, आणि मग सी मायनरचा पूर्ण वाद्यवृंदाचा आघात. कंडक्टर कसा आहे ते या एका बारावरून कळतं. काहीजण शांतता कमी करतात आणि धक्काच निघून जातो.

दुसरा भाग: मधे व्हायोलिनची एकाकी, बिनसाथीची ओळ येते, आणि तिच्यानंतर लडखडत्या तालावर क्लॅरिनेटची लांब धून, पुढे तीच ओबो घेतो. हा भाग पुन्हा येतो तेव्हा क्रम उलटा, आधी ओबो, मग क्लॅरिनेट. हे हेरा.

आणि ट्रॉम्बोन. १८२२ च्या सिम्फनीत तीन ट्रॉम्बोन ही नेहमीची गोष्ट नव्हती. त्यातही शूबर्ट ते नुसते ठणठणाटाला वापरत नाही, अगदी हळू आवाजात, मागे सावली धरायला वापरतो. साध्या स्पीकरवर ते चेलोत मिसळून जातात.

पश्चिमरंग
यात आवृत्तीचाही घोळ आहे. शूबर्ट हाताने 'जोर द्या' ही खूण इतकी लांब काढायचा की ती 'हळूहळू आवाज कमी करा' या खुणेसारखी दिसते. जुन्या संपादकांनी बऱ्याच ठिकाणी तशी वाचली. सगळ्यात गाजलेलं उदाहरण मोठ्या सी मेजरच्या अगदी शेवटच्या सुराचं: एवढ्या दणक्यानंतर सूर विरतो की ठोकला जातो? दोन रेकॉर्डिंगमध्ये दोन्ही ऐकायला मिळतं. एखाद्या वादनात जोरदार सूर अचानक मवाळ झाला तर आधी छापील प्रतीवर संशय घ्या, मग वादकांवर.

ऐकीव
ब्रुकनरकडे वळूया का? माझा सरळ मुद्दा: नववी अडाजिओवर संपते आणि तिने तिथेच संपावं. शेवटी हॉर्न आणि वाग्नर ट्यूबा (हॉर्नवादकच वाजवतात ती पितळी वाद्यं) ई मेजरचा सूर धरून राहतात, त्यात सातवी आणि आठवीच्या आठवणी येऊन जातात. यानंतर चौथा भाग ही अरसिक हौस आहे.

खुणेचा_दगड
'संपावं' हे तुमचं मत. ब्रुकनरचं ते नव्हतं. शेवटचा भाग पूर्ण झाला नाही तर आपलं 'ते देउम' हे कोरसचं स्तुतिगीत त्या जागी गावं, असं तो स्वतः सांगून गेला. ११ फेब्रुवारी १९०३ ला पहिल्या वादनात फर्डिनांड ल्योवे याने अडाजिओनंतर 'ते देउम' केलंही. म्हणजे मौनात विरणारी तीन भागांची नववी ही नंतरच्या श्रोत्यांनी लावून घेतलेली सवय आहे.

'ते देउम'ची अडचण वेगळी. सिम्फनी डी मायनरची, ते सी मेजरचं. वर कोरस, चार एकल गायक आणि ऑर्गन लागतो. वीसेक मिनिटांसाठी एवढा फौजफाटा उभा करायचा म्हणून ते क्वचित होतं.

आणि त्या पहिल्या वादनाबद्दल आणखी एक. ल्योवेने स्वतःच्या मनाने वाद्ययोजना आणि स्वरसंगती बदलल्या, खडबडीत जागा घासून गुळगुळीत केल्या, आणि तीच प्रत छापली गेली. ब्रुकनरने लिहिलेलं लोकांना ऐकायला मिळालं थेट १९३२ मध्ये म्युनिकला, हाउसएगरने एकाच कार्यक्रमात दोन्ही प्रती वाजवल्या तेव्हा. त्यामुळे १९३२ च्या आधीची वर्णनं वाचताना भान ठेवा. बाजारात आज मिळणारी बहुतेक रेकॉर्डिंग ओरेल, नोव्हाक किंवा कोर्स यांच्या प्रतीवर आहेत, आणि तिघांत पहिल्या तीन भागांपुरता ऐकणाऱ्याला जाणवेल असा फरक फारसा नाही. आठवीसारखी 'कुठली प्रत' ही कटकट इथे नाही, हे नववीचं सुख.

ऐकीव
'ते देउम'चा मुद्दा मान्य. पण इतरांनी जोडलेल्या चौथ्या भागाला त्याने परवानगी दिली नव्हती.

खुणेचा_दगड
नाही दिली. पण तिथे जोडलेलं किती आणि त्याचं किती, हे आधी बघायला हवं ना. ब्रुकनर मोठे दुहेरी कागद क्रमांक घालून वापरायचा, एका कागदावर साधारण सोळा बार. त्यामुळे मधला एखादा कागद गहाळ असला तरी तिथे किती बार गेले याचा अंदाज बांधता येतो, आणि अनेकदा त्याच जागेचा आधीचा खर्डा सापडतो. मृत्यूनंतर खोली लगेच सील झाली नाही, लोकांनी आठवण म्हणून कागद उचलून नेले. काही पुढे मिळाले. अखंड पुराणकथेसारखा 'काहीच नव्हतं' हा समज इथून आला.

ज्यांना निव्वळ पुरावा ऐकायचाय त्यांनी निकोलाउस हार्नोनकूर यांचं व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरचं २००२ चं रेकॉर्डिंग घ्यावं. त्यात ते तीन भागांव्यतिरिक्त चौथ्या भागाचे उरलेले तुकडे बोलून समजावतात आणि जिथे कागद संपतो तिथे वाद्यवृंद थांबतो. त्यानंतर सायमन रॅटल यांचं बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचं २०१२ चं, समाले-फिलिप्स-कोर्स-माझ्झुका या चौघांच्या पुनर्रचनेचं. या क्रमानेच. उलट केलंत तर पुनर्रचनाच मूळ वाटायला लागते.

कोडा मात्र संपादकांचा आहे, खर्ड्यांवर उभारलेला असला तरी. तिथे संशयाने ऐका.

टिंपनीवाला
नववीत लोक स्केर्त्झोकडे दुर्लक्ष करतात. मधला ट्रिओ मुख्य भागापेक्षा जलद आहे, नेहमी उलट असतं. पहिल्यांदा ऐकताना कंडक्टरने घाई केली असं वाटतं. नाही, तसंच लिहिलंय.

अडाजिओत चार-पाच मिनिटं उरलेली असताना सगळ्या वाद्यवृंदाचा एक प्रचंड कर्कश कॉर्ड (एकाच वेळी वाजणारे अनेक सूर) येतो आणि त्यानंतर पूर्ण शांतता. तो सुटत नाही, तुटतो. ज्या जागा ल्योवेने मवाळ केल्या त्यात ही होती. आवाज इथे फाटत असेल तर पातळी दोन घरं कमी करून पुन्हा सुरुवातीपासून ऐका, इथून नाही. आधीची वीस मिनिटं पोटात असल्याशिवाय हा कॉर्ड नुसता गोंगाट आहे.

हार्बर_लाईन
नववीसाठी आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांचं रेकॉर्डिंग कुणी सांगितलं नाही? १९६५, व्हिएन्ना फिलहार्मोनिक. विशीतला माणूस आणि ब्रुकनरची शेवटची सिम्फनी.

पश्चिमरंग
सांगायलाच हवं होतं. पितळी वाद्यांचा भरदारपणा आणि तंतुवाद्यांची ऊब, दोन्ही त्यात आहेत. जुलिनी यांचं त्याच वाद्यवृंदाबरोबरचं १९८८ चं जास्त संथ आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते जड जाऊ शकतं. आधी मेहता, मग जुलिनी.

जाता जाता: क्लाउदिओ आबादो यांच्या ऑगस्ट २०१३ मधल्या ल्युत्सर्नच्या अखेरच्या मैफलींत शूबर्टची अपूर्ण आणि ब्रुकनरची नववी अशीच जोडी होती. नववीचं रेकॉर्डिंग मिळतं.

नव_श्रोता
माहलरची दहावी सुरू करायची तर फक्त अडाजिओ की थेट पाचही भाग?

मंद्रसप्तक
पाचही. का ते सांगतो. अडाजिओ एकटा ऐकला तर तो 'जगाचा निरोप' वाटतो, आणि वर्षानुवर्षं तसाच विकला गेला. पाच भागांत ऐकला तर तो नुसता पहिला भाग आहे, आणि त्यात उघडलेली जखम शेवटच्या भागात बरी होते. अडाजिओत सुरुवातीला व्हायोला एकटे, बिनसाथीचे. शेवटच्या तृतीयांशात अचानक पूर्ण वाद्यवृंदाचा स्फोट, मग नऊ सुरांचा कॉर्ड, आणि त्यातून ट्रम्पेटचा एकच उंच सूर टिकून राहतो. हाच कॉर्ड आणि हाच ट्रम्पेट पाचव्या भागात परत येतो. फक्त अडाजिओ ऐकणाऱ्याला हा धागा कधीच सापडत नाही.

मधला पुर्गातोरिओ अवघा चार मिनिटांचा. क्षुल्लक समजून उडवू नका, चौथ्या आणि पाचव्या भागाचा बराचसा माल तिथून आलाय.

पाचव्याच्या सुरुवातीचे ढोलाचे ठोके न्यूयॉर्कचे. १९०८ मध्ये हॉटेलच्या खिडकीखालून एका अग्निशमन अधिकाऱ्याची अंत्ययात्रा गेली, तेव्हाचा दबका ढोल माहलरने ऐकला होता. त्यानंतर बासरीची लांब एकल धून. ही धून माहलरची आहे, सूर न् सूर.

ऐकीव
पण बासरीलाच द्यायची हे कुणी ठरवलं?

मंद्रसप्तक
खर्ड्यात ठिकठिकाणी वाद्यांची नावं लिहिलेली आहेत, ही जागा त्यातली एक. जिथे नावं नाहीत तिथे कुक यांनी ठरवलं. म्हणूनच त्यांनी आपल्या कामाला 'पूर्ण केलेली सिम्फनी' म्हटलं नाही, मसुद्याची वादनक्षम प्रत म्हटलं. छापील स्कोअरमध्ये प्रत्येक पानाच्या तळाशी माहलरचा मूळ खर्डा दिलाय. कुठलीही ओळ कुणाची हे तिथल्या तिथे तपासता येतं. इतका प्रामाणिक संपादक क्वचित.

माहलरची पत्नी आल्मा हिने कुक यांच्या प्रतीवर आधी बंदी घातली होती, १९६३ मध्ये ध्वनिमुद्रण ऐकल्यावर उठवली. १३ ऑगस्ट १९६४ ला लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीतमहोत्सवात गोल्डश्मिट यांनी पूर्ण वाजवली. पुढे कुक यांनी सुधारणा केल्या, आज वाजते ती नंतरची प्रत. ऑर्मंडी यांचं १९६५ चं रेकॉर्डिंग जुन्या प्रतीवर आहे. आधी रॅटल-बर्लिन ऐका, ऑर्मंडी नंतर.

टिंपनीवाला
ढोलाबद्दल भर. छापील प्रतीत चौथ्याच्या शेवटी एक ठोका आणि पाचव्याच्या सुरुवातीला एक. काही कंडक्टर दोन्हींचा मिळून एकच वाजवतात आणि सलग पुढे जातात, रॅटल त्यातले. दोन रेकॉर्डिंगमध्ये ठोके मोजून फरक दिसला तर फाइल खराब नाही.

ठोका किती जोरात हाही वाद आहे. तो मोठा, लष्करी ढोल आहे आणि कापडाने पूर्ण दाबलेला. बंदुकीसारखा कडाडला तर दबकेपणा गेला. कानापेक्षा छातीत लागला पाहिजे.

रागदारी_वेडा
कृत्रिम बुद्धिमत्तेने बेथोव्हनची दहावी केली म्हणे. ती ऐकावी का?

खुणेचा_दगड
ऑक्टोबर २०२१ मध्ये बॉनला वाजली. बेथोव्हनचे खर्डे मूठभर, विस्कळीत. माहलरमध्ये यंत्राला वाद्यं निवडायची असती, इथे संगीतच बनवायचं होतं. कुतूहल म्हणून एकदा. त्यापेक्षा बॅरी कूपर यांनी १९८८ मध्ये खर्ड्यांवरून बांधलेला एकच भाग ऐका, त्यात निदान कुठल्या खर्ड्यावर उभं आहे ते सांगता येतं.

भोकं बुजवायची तिसरी पद्धतही आहे, आणि माझ्या मते सगळ्यात हुशार. शूबर्टने १८२८ मध्ये, शेवटच्या आठवड्यांत, डी मेजरमध्ये आणखी एका सिम्फनीचे खर्डे केले, डी ९३६ए. लुचानो बेरिओने त्यावर 'रेंडरिंग' रचलं. जिथे शूबर्टचे कागद आहेत तिथे शूबर्टसारखी वाद्ययोजना. जिथे नाहीत तिथे भोक तसंच दाखवलं: सेलेस्ता (घंट्यांच्या आवाजाचं, पियानोसारखं वाद्य) किणकिणायला लागते, सगळं धूसर होतं, मग पुन्हा शूबर्ट. सेलेस्ता ऐकू आली की समजायचं, इथे कागद कोरा होता.

त्याच खर्ड्यांच्या कागदांवर काउंटरपॉइंटचे (एकाच वेळी अनेक धुना गुंफण्याच्या तंत्राचे) गृहपाठही आहेत. मृत्यूच्या पंधरवडाभर आधी शूबर्ट सिमॉन झेख्टरकडे शिकायला गेला होता. हाच झेख्टर १८५५ ते १८६१ ब्रुकनरचा गुरू.

रागदारी_वेडा
गुरुपरंपरा म्हटल्यावर आमचे कान टवकारले! हे माहीत नव्हतं.

नव_श्रोता
एल्गारची तिसरी आणि सिबेलियसची आठवी यांचं काय?

पश्चिमरंग
एल्गार: बीबीसीने १९३२ मध्ये सांगितलेली, १९३४ मध्ये तो गेला तेव्हा शंभरावर पानं खर्डे. अँथनी पेन यांनी त्यावरून रचली, फेब्रुवारी १९९८ मध्ये लंडनला वाजली. यात पेन यांचा वाटा मोठा आहे, शेवट तर त्यांचाच. सुरुवात ऐका, पहिल्या बारांची वाद्ययोजना एल्गारची स्वतःची आहे.
सिबेलियस: आठवी त्याने स्वतः जाळली असं मानतात. उरलेले काही तुकडे हेलसिंकीत २०११ मध्ये वाजवले गेले, सगळे मिळून जेमतेम तीन मिनिटं. सिम्फनी म्हणून ऐकायला काही नाही.

नव_श्रोता
वाचनखूण साठवली. मुंबईत प्रत्यक्ष ऐकायला मिळेल का यातलं?

हार्बर_लाईन
एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन असतात, त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर लक्ष ठेवा. शूबर्ट मिळण्याची शक्यता सर्वात जास्त, कारण वाद्यवृंद मध्यम लागतो. ब्रुकनरला आठ हॉर्न, त्यातले चार वाग्नर ट्यूबा वाजवणारे, म्हणजे बाहेरून वादक आणणं आलं.
तिकीट घेताना पुढच्या चार-पाच रांगा टाळा. तिथे व्हायोलिन जवळ आणि पितळी वाद्यं डोक्यावरून जातात. मधल्या रांगा किंवा बाल्कनीचा पुढचा भाग घ्या. आणि शूबर्टचा दुसरा भाग संपला की टाळ्यांची घाई नको, कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत थांबा.